छांगचे तीन पेले

शनिवार, ११ जानेवारी २०२५

आले एकदाची. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि आईनं नागपूरहून बळेच पाठवलेला सावजी मसाल्याचा डबा, एवढा संसार घेऊन मँचेस्टरहून पाऊण तासात स्टेनबरोला पोचले. स्टेशनपासून घरापर्यंत नुसता चढ. दिवसभर पेशंटांचे गुडघे वाकवून घेणारी फिजिओथेरपिस्ट मी, तिसऱ्या वळणावर स्वतःचेच गुडघे धरून उभी राहिले. कुणी ओळखीचं नव्हतं म्हणून अब्रू वाचली.

गाव मात्र सुरेख आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि उतारावर एकाखाली एक काळपट दगडी घरांच्या रांगा, सगळ्यांची तोंडं मधल्या खोलगट जागेकडे. घरमालकीण म्हणते, तिचं माहेर अगदी असंच दिसतं. तिचं माहेर म्हणजे नामचे बाझार, एव्हरेस्टच्या वाटेवरचं शेर्पांचं व्यापारी गाव. पाण्याची पाइपलाइन टाकायला तिकडे गेलेला डेरेक नावाचा इंग्रज तिच्याशी लग्न करून तिला इकडे घेऊन आला, त्याला पन्नास वर्षं झाली. तिला करमावं म्हणून त्यानं मुद्दाम नामचेच्या आकाराचं गाव शोधलं. उंची तेवढी कमी पडली, असं ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. डेरेक अकरा वर्षांपूर्वी वारला. आता ती एकटीच, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बुटकी आणि काटक. नाव मिंग्मा, पण सगळे आमा म्हणतात. नेपाळी, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी करून बोलते आणि मला सगळं समजतं.

ही जागा मला मिळाली ती निव्वळ गळ घातल्यामुळे, हेही लिहून ठेवते. हॉस्पिटलच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी होती, एकट्या बाईसाठी वरचा मजला. गेल्या आठवड्यात बघायला आले, तेव्हा मुलगी येणार आहे म्हटल्याबरोबर आमानं साफ नाही म्हटलं. लहान मूल म्हटल्यावर याआधी आठ ठिकाणी दारं लागली होती, आणि राहायची जागा दाखवल्याशिवाय दियाच्या व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नव्हता. मी अक्षरशः हात जोडले. चौदा महिने झाले पोरीला जवळ घेऊन, नवरा गेल्यापासून तिला मीच आहे, सगळं सगळं सांगितलं. आमानं तिचं वय विचारलं. सात. मग जन्मवार विचारला. शनिवार. शेर्पांमध्ये वारावरूनच नाव ठेवतात, शनिवारची मुलगी पेम्बा. एवढं बोलून ती भिंतीवरच्या दोन वेण्यांच्या मुलीच्या फोटोकडे बघत राहिली, आणि मग ये म्हणाली.

तर दियाबाई, ही वही तुझ्यासाठी. तू येईपर्यंत रोजचं लिहायचं आणि आलीस की वाचून दाखवायचं, असं कबूल केलंय ना मी?

रविवार, १२ जानेवारी

आज घराचे नियम कळले. मांस विस्तवावर जळू द्यायचं नाही. दूध उतू जाऊ द्यायचं नाही. घाण पाणी मोरीतच ओतायचं, अंगणात नाही. म्हणजे सावजी मसाल्याचा डबा आता शोभेला.

कारण तळघरात आहे. दगडी पायऱ्या उतरून गेलं की भिंतीतून झरा येतो आणि एका दगडी डोणीत साठतो. या भागातल्या जुन्या घरांत असे झरे असतात म्हणे. पाणी काळंभोर आणि स्वच्छ. काठावर दुधाची वाटी. आमा म्हणते, इथे तिची लू राहते. लू म्हणजे पाण्यातली बाई, कमरेपर्यंत माणूस आणि खाली नाग. नामचेच्या मधोमध झरा आहे, तिथली ती. घराची भरभराट तिच्या हातात, पण तिचं सगळं बायकांनीच करायचं. मुलगी लग्न होऊन गेली की लू तिच्याबरोबर जाते, आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे. डेरेक बिचारा मरेपर्यंत एकदाही पायऱ्या उतरला नाही.

मला यात परकं काहीच वाटलं नाही. आपल्याकडे नागपंचमीला चिरत नाहीत, तळत नाहीत, जमीन खणत नाहीत. मी डोणीला हळदकुंकू वाहिलं. आमा बघत होती. बरं वाटलं असावं.

शनिवार, १८ जानेवारी

आज गंमत झाली. दुपारी आमा नटूनथटून वर आली, पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन बांधून. हातात लाकडी सुरई, तोंडाला लोण्याची तीन बोटं लावलेली. आत छांग, म्हणजे तांदळाची घरची बिअर. मी घेत नाही म्हटलं. तिनं पेला भरला, दोन्ही हातांनी पुढे धरला आणि शे, शे म्हणत राहिली. म्हणजे घे, घे.

आता आपल्या रक्तातच आग्रह आहे. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा खरंच नको म्हणायचं, तिसऱ्यांदा पान पुढे करायचं. म्हाताऱ्या माणसानं जिना चढून आणलेलं परत कसं पाठवायचं? भिडेखातर घेतला. आंबूस, पांढरट, ताकासारखं. पेला अर्धा झाला की ती पुन्हा काठोकाठ भरायची. तीन झाले. तिसरा संपला तेव्हा आमानं डोळे मिटले आणि बराच वेळ माझा हात धरून बसली. तिचा हात ओला होता.

तिच्या माहेरच्या गप्पा ऐकल्या. दर शनिवारी नामचेला बाजार भरतो. पूर्वी तिबेटातून खिंड ओलांडून याकांवर मीठ यायचं, खालून धान्य यायचं. याक विकला तर त्याच्या केसांचा पुंजका उपटून घरात ठेवायचा, म्हणजे जनावर गेलं तरी घराचं भाग्य जात नाही. मी विचारलं, मग माहेरी कधी जाऊन आलीस? म्हणाली, इकडे आल्यापासून कधीच नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

दूध उतू गेलं. कामावरून येऊन गॅसवर ठेवलं आणि दियाचा व्हिडिओ कॉल आला. जळका वास सुटेपर्यंत लक्षच नव्हतं. आमा धापा टाकत वर आली. रागावली नाही, पण चेहरा पांढराफटक. आम्ही दोघी खाली गेलो. डोणीतलं पाणी गढूळ झालं होतं, आणि ते गोल फिरत होतं, संथपणे, कुणी आत हात घालून ढवळल्यासारखं. आमा काहीतरी पुटपुटत होती. पाणी हळूहळू थांबलं.

जमिनीखालचा झरा आहे, पाऊस पडला की गाळ येणारच. मी एवढी घाबरायला नको होतं.

शनिवार, १ फेब्रुवारी

दियाशी बोलले. तिच्या मनगटावर पांढरे खवले आलेत. आईनं कडुलिंबाचा पाला लावला, तूप लावलं. थंडीनं त्वचा कोरडी पडते, मीच सांगितलं. पण आई दुसरंच सांगत होती. दिया मटण खायला तयार नाही. माझी मुलगी, जिला रश्शाची वाटी चाटूनपुसून लागते.

आणि काल आई दूध तापवत होती, तर दिया खेळ टाकून पळत आली आणि तिनं गॅस बंद केला. उतू जाऊ देऊ नको आजी, तिला त्रास होतो, असं म्हणाली. आईला वाटलं मी शिकवलं.

मी हे घरी कुणालाही सांगितलेलं नाही. दियाला तर नाहीच.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज मी दियालाच सरळ विचारलं, कोणाला त्रास होतो? ती म्हणाली, पाण्यातल्या मावशीला. आणि मग विचारलं, आई, पेम्बा कोण गं?

मी फोन ठेवला आणि खाली आमाकडे गेले. भिंतीवरच्या फोटोतली मुलगी कोण, हे इतक्या दिवसांत मी विचारलंच नव्हतं. तिची मुलगी. पेम्बा. कुठे असते? आमा म्हणाली, तिला नामचेला आजीजवळ ठेवली होती. पुढचं विचारायला मी तोंड उघडलं तर ती भांडी घासायला उठली. एकच वाटी तिनं तीन वेळा घासली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दियाचा व्हिसा आला! तीन महिने लागतील म्हणत होते, पाच आठवड्यांत आला. माझा भाऊ पुष्कर बर्मिंगहॅमला असतो, तो उद्याच सुट्टीवर नागपूरला जातोय, येताना दियाला घेऊन येईल. चौदा मार्चचं विमान. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये रडले. शाळेतली जागाही पक्की झाली, कौन्सिलचं पत्र आलं.

आमाला सांगितलं. तिनं मला जवळ घेतलं. मग खाली जाऊन तिनं दुधाची वाटी दोनदा भरली.

इतकं सगळं मनासारखं होतंय की आता भीती वाटायला लागलीय. वेडेपणा आहे माझा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पासांग आमच्या वॉर्डात नर्स आहे, शेर्पा आहे. आज कँटीनमध्ये त्याला सहज छांगची गोष्ट सांगितली, सुरईला लोण्याची बोटं होती तीही. तो खो खो हसायला लागला. त्याला यांग्झी म्हणतात म्हणाला. शेर्पांमध्ये कुणाकडे काही मागायचं असलं तर आधी अशी छांग घेऊन जातात. समोरच्यानं प्यायली की मागणी मान्य झाली. काय मागायचंय ते नंतर सांगितलं तरी चालतं. त्याच्या वडलांनी असंच एकदा तीन पेले पिऊन चांगलं शेत घालवलं होतं. म्हणून शहाणा माणूस पेला हातात घेण्याआधी विचारतो, कशासाठी?

हसता हसता त्यानं विचारलं, मग तुझ्याकडे काय मागितलं?

मी घरी येऊन आमाला तेच विचारलं. ती म्हणाली, मी गेल्यावर खाली रोज दूध ठेवायचं. एवढंच. कुठे जाणार? तर म्हणाली नामचेला, मरायला. पन्नास वर्षं ती या गावाबाहेर पडलेली नाही, कारण लूला एकटं टाकता येत नाही. तिच्याजवळ घरातली एक बाई हवी. आता मी आहे.

वाटीभर दूध ठेवायचंय फक्त. एका म्हातारीला माहेरी जाऊन डोळे मिटायचेत, आणि मी नाही कशी म्हणू? मी हो म्हटलं. माझा भिडस्तपणा मला एक दिवस खड्ड्यात घालणार आहे असं माझा नवरा गिरीश नेहमी म्हणायचा.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज त्यांचं नवीन वर्ष, लोसार. आमा गेली. पुतण्या न्यायला आला होता. टॅक्सीत बसताना ती पोरीसारखी दिसत होती. हाताचे चट्टे गेले होते. तिला चट्टे होते हे मला आजच कळलं, गेल्यावर.

घर तिनं मला वापरायला ठेवलंय. निघताना दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून म्हणाली, "पोरीला लवकर आण. दारातून आण." आणि रडायला लागली. पुतण्यानं घाई केली. मला नीट विचारताही आलं नाही.

दारातून आण म्हणजे काय? विमानातून उतरलेलं माणूस दारातूनच येणार.

तिला माझी दिया इतकी कशाला हवीय?

रविवार, २ मार्च

बोटांना भेगा पडल्यात. दूध ठेवताना हात पाण्याला लागला की लगेच बरं वाटतं.

डोणी गुडघ्याएवढी दिसते. आज झाडूचा दांडा आत घातला. पूर्ण गेला. कोपरापर्यंत हात गेला. तळ लागला नाही.

दुधाची वाटी रिकामी असते. रोज. मांजर नाही, उंदीर नाही.

मंगळवार, ४ मार्च

सकाळच्या ट्रेननं मँचेस्टरला गेले. दियासाठी गाद्या, चादरी घ्यायच्या होत्या. खरं म्हणजे बघायचं होतं, जाता येतं का. हॉस्पिटल स्टेनबरोपासून दहा मिनिटांवर, तिथे जाऊन काही होत नाही. पण तिथल्या पिकॅडिली स्टेशनला उतरले तोवर तळहात फाटले होते. अकरा वाजता घोटे. दुकानातल्या मुलीनं रक्त बघून खुर्ची दिली. साडेबाराला परतीच्या ट्रेनमध्ये. घरात शिरले ती तशीच तळघरात, कोट न काढता, हात पाण्यात घालून बसले. दहा मिनिटांत कातडी जुळून आली.

म्हणजे आमा पन्नास वर्षं अशी. आणि आता मी. हो म्हटलं ना मी. तीन वेळा.

आईकडून मुलीकडे. मुलीकडून नातीकडे. आमानं सांगितलं होतं पहिल्याच दिवशी, आणि मी हळदकुंकू वाहत होते.

माझ्यानंतर दिया.

गुरुवार, ६ मार्च

तिकीट रद्द केलं. मी पुष्करला सांगितलं, दियाला आणू नको, तू एकटा ये. तो ओरडला. आई रडली. दियानं फोन घेतलाच नाही. तिनं दप्तर भरून ठेवलं होतं, वर तिच्या बाहुलीचा स्वेटर.

सोळा महिने झाले आणि आता अजून किती? कदाचित कायमचं. मी इथून हलू शकत नाही आणि ती इथे येता कामा नये. माझं वाटोळं झालं तरी चालेल. तिचं सात हजार किलोमीटर लांब, कोरड्या उन्हाच्या गावात सगळं नीट होईल. मोठी होईल, मटण खाईल, माझ्यावर रागावेल. चालेल.

आमाला वाटलं असेल मी दारातून आणून देईन पोरगी. नाही देणार.

आज पाणी पुन्हा फिरत होतं. दूध उतू गेलं नव्हतं.

शुक्रवार, ७ मार्च

पायऱ्या ओल्या. तळघरापासून माझ्या खोलीच्या दारापर्यंत. पावलं नाहीत. एक सलग पट्टा.

आईचा मेसेज, दियाचे खवले मानेपर्यंत गेलेत. उद्या डॉक्टरकडे नेतील. दिया म्हणते मला आईकडे जायचंय, रस्ता माहीत आहे.

कामावर गेले नाही. आमाच्या पुतण्याकडून नामचेचा नंबर मिळवला. उद्या बोलणार आहे. चांगली खडसावणार आहे.

शनिवार, ८ मार्च, सकाळी ११

आमा भेटली फोनवर. मागे बाजाराचा गलका होता, घंटा वाजत होत्या. मी तोंडाला येईल ते बोलले. फसवलंस म्हटलं. ती ऐकत राहिली. हो म्हणाली. तिला आयुष्यात एकदा तरी आपल्या गावात पहाट बघायची होती, म्हणून तिनं मला मागितलं. फक्त मला. पण लू कधी एकटी बाई घेत नाही, आई आणि मुलगी मिळून एक समजते, हे तिला माहीत होतं. म्हणूनच आधी नाही म्हणाली होती.

मग तिनं विचारलं, दिया पोचली का?

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तिकीट रद्द केलंय. ती नागपूरला आहे. तुझ्या लूच्या हाती लागणार नाही.

पलीकडे घंटा तेवढ्या. मग आमा म्हणाली, "मीही हेच केलं होतं."

पेम्बा सात वर्षांची असताना तिनं तिला या घरापासून लांब ठेवली. विमानानं नामचेला पाठवली, आईकडे. तीन आठवडे. मग एका दुपारी पोरगी झऱ्यावर पाणी भरायला गेली आणि परत आली नाही. सगळं गाव झऱ्याभोवती शोधत होतं, दोन दिवस.

"ती मला तिथे सापडली, तुझ्या तळघरात. डोणीत. मी दुकानात गेले होते, अर्धाच तास. माझा हात पाण्यात असता तर जिवंत निघाली असती."

दारातून आलेली मुलगी जगते. इथेच अडकते, चट्टे घेऊन जगते, पण जगते. अडवून धरलेली पाण्यातून येते.

आमा रडत म्हणाली, सांगायला हवं होतं. टॅक्सी उभी होती. मला वाटलं तू आणशीलच.

११.२०

आई फोन उचलत नाही. पुष्कर उचलत नाही. तिकडे पाच वाजायला आलेत.

११.२६

पुष्कर लागला. दिया कुठे आहे? मागे अंगणात. काय करतेय? हौदाशी खेळतेय, ऊन फार आहे ना. ओढ तिला म्हटलं, आत आण, नळ बंद कर, हौद रिकामा कर. तो म्हणतो तुला बरं नाही का. जा म्हटलं. तो गेला. चप्पल घालतोय. फोन चालू आहे. दार वाजलं.

तो तिला हाक मारतोय.

पुन्हा हाक मारतोय.

तिच्या चपला हौदाजवळ आहेत म्हणतो. हौद कमरेएवढा आहे, मी आत बघितलं, नाहीये गं इथे, असं म्हणतो. शेजारी गेली असेल म्हणतो—

नाही गेली शेजारी.

खाली

फोनला रेंज नाही इथे. वही कशाला आणली माहीत नाही. हातात होती.

उजवा हात पाण्यात आहे, खांद्यापर्यंत. डाव्यानं लिहितेय. अक्षर येत नाही. लिहिलं की श्वास चालतो. दिया, हे वाचून दाखवताना तू हसशील—

आमा दुकानात होती. मी इथे आहे. मी कुठेही जात नाही.

वरच्या खिडकीतून ऊन पडलंय पाण्यावर. शांत आहे. फिरत नाही.

ऐक, बाई. तुला जे असेल ते. मला कळत नाही तुझं. दोघी राहू इथे. ती आणि मी. जन्मभर दूध ठेवू. मी मागतेय आता. तुझ्याकडे मी मागतेय. तिला जिवंत दे—

पाणी कोमट झालं.

फिरतंय—

हाताला केस लागले. गेले.

पुन्हा. केस नाहीत, बोटं. लहान. धरलं तिनं. धरलं! जिवंत आहे, घट्ट धरलंय, माझं सोनं, सोडू नकोस, मी ओढते, एक—

तिच्या मनगटावर अजून कुणाचा तरी हा—